तिन्हीसांजेची काच

शैलेंद्र परुळेकरला आपल्या नजरेचा भारी गर्व. सिंगापुरातल्या बिशानच्या बसस्टॉपवर उभा राहिला की लांबच्या सिग्नलला अडकलेल्या बसचा नंबर तो सगळ्यांच्या आधी सांगणार. कुणी विचारलेलं नसताना सांगणार, हे विशेष. त्याच्या बायकोला, अनघाला, लग्नानंतर पहिली काही वर्षं याचं कौतुक वाटलं, मग कंटाळा आला, आणि शेवटी घोरण्याची व्हावी तशी त्याची सवय झाली. म्हणूनच यंदा दिवाळीच्या आसपास तो हळूच विचारायला लागला, "कुठली आली गं बस?", तेव्हा तिचे कान टवकारले. तांजोंग पगारच्या ऑफिसात दिवसभर लोकांचे हिशोब तपासणारी बाई ती. तिने ते मनात टिपून ठेवलं.

नजर हा शैलेंद्रचा नुसता गर्व नव्हता, पोटापाण्याचा धंदाही होता. तुआसला, बेट संपून समुद्र लागतो तिथे, एक छोटी कंपनी आहे. तिथे दुर्बिणी बनतात, आणि त्याही शिकाऱ्यांसाठी. आता सिंगापुरात कसली आलीय शिकार! इथे चुकून एखादं रानडुक्कर रस्त्यावर आलं तर लोक शिस्तीत लांब उभे राहून फोटो काढतात. पण काचेच्या कामात इथल्या लोकांचा हात बसलेला, आणि गिऱ्हाईक सगळं बाहेरदेशचं. या दुर्बिणींची खासियत एकच. सूर्य बुडाल्यावर बाकीच्या दुर्बिणी हात टेकतात, तेव्हा हिच्यातून अजून थोडा वेळ दिसत राहतं. शिकाऱ्याला हवा असतो तो नेमका तेवढाच वेळ, कारण जनावर तेव्हाच बाहेर पडतं. शैलेंद्र घरी बोलताना तिला तिन्हीसांजेची काच म्हणायचा.

खाली कारखान्यात यंत्रं सगळं मोजायचीच. पण मालक मिस्टर कोह जुन्या वळणाचा माणूस. त्याचा यंत्रावर विश्वास, पण माणसाच्या डोळ्यावर जास्त. म्हणून प्रत्येक दुर्बीण शेवटी गच्चीवर जायची. कुंपणाच्या पार टोकाला, समुद्राच्या अंगाला, एका खांबावर फळी ठोकलेली होती. तिच्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, वर जाड आणि खाली उतरत उतरत बारीक. सिंगापूरची तिन्हीसांज म्हणजे आली न आली तोच गेली. तेवढ्या वेळात शैलेंद्रने दुर्बीण डोळ्याला लावायची, कुठल्या ओळीपर्यंत पट्ट्या सुट्या दिसतात ते सांगायचं, आणि त्याच्या हाताखाली काम शिकणाऱ्या नूरुलने हिरवा स्टिकर लावायचा. त्याच्या शब्दावर शंका घेण्याची कंपनीत पद्धतच नव्हती.

आणि हाच माणूस गेले काही महिने फळी न दिसताच 'पास' म्हणत होता.

मुद्दाम लबाडी करायची म्हणून नव्हे हो. डोळ्यांपुढे दुधावर साय धरावी तसं काहीतरी धरायला लागलं होतं. आधी त्याला वाटलं चष्मा जुना झाला. बिशानच्या मॉलमधल्या चष्म्याच्या दुकानात गेला, तर तिथल्या पोरीने डोळ्यात बत्ती मारून सांगितलं, "अंकल, धुकं चष्म्यात नाही, डोळ्यात आहे. डॉक्टरकडे जा." हा गेला नाही. त्या संध्याकाळी गच्चीवर दुर्बीण लावली तर खांबाच्या जागी नुसतं पांढुरकं काहीतरी. पण फळी वर्षानुवर्षं तीच, पट्ट्या त्याच. याला त्या झोपेतसुद्धा म्हणता आल्या असत्या. तोंडातून ओळ निघून गेली, नूरुलने स्टिकर लावला, आणि आभाळ काही कोसळलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच करणं सोपं गेलं. असल्या गोष्टी दुसऱ्या दिवशी नेहमीच सोप्या जातात.

मोतीबिंदू तो केवढा, तुम्ही म्हणाल. सकाळी जा, दुपारी घरी या. शैलेंद्रलाही ते ठाऊक होतं. पण ऑपरेशन करायचं तर रजा हवी, रजा हवी तर कारण सांगायला हवं, आणि कारण सांगितलं की पहिला प्रश्न येणार: कधीपासून? मग पास झालेल्या मालाचं काय? त्या एका प्रश्नाच्या धाकाने माणूस आंधळा व्हायला तयार झाला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ झाकून ठेवणाऱ्याचा हात किती दुखतो ते कुणी सांगत नाही.

अशात मेळाव्यांचं निघालं.

जगात शिकाऱ्यांचे प्रचंड मेळावे भरतात. हजारो शिकारी, बंदूकवाले, बूटवाले, दुर्बीणवाले एका ठिकाणी जमतात, आणि वर्षाचा धंदा तिथेच ठरतो. कोहची कंपनी आजवर कधी गेली नव्हती. माल दुसऱ्याच्या नावाने विकला जायचा. कोहचं वय झालं होतं. एकदा तरी आपलं नाव लावून चार लोकांत बसायचं, एवढीच इच्छा उरली होती. आणि नेमकं या वर्षी दोन ठिकाणचं उत्तर एकदमच आलं. एक अमेरिकेतला मेळावा, एक जर्मनीतला. दोन्हीकडे जागा मिळत होती, दोन्ही जानेवारीच्या शेवटी, एकाच आठवड्यात. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. एवढ्याशा कंपनीला एकच झेपणार, आणि पहिल्यांदा जिथे तोंड दाखवाल तिथेच तुमची ओळख ठरणार.

कोहने सोमवारी जेवणाच्या सुट्टीत शैलेंद्रला गाठलं आणि निवड सरळ त्याच्या गळ्यात घातली. तू ठरव, तू सांगशील तिथे तू आणि मी जाऊ, म्हणाला. का? तर कंपनीत शिकार कळणारा एकटा शैलेंद्र.

ही शैलेंद्रनेच मिरवलेली गोष्ट. कुडाळजवळच्या त्याच्या गावात त्याच्या वडिलांकडे, आप्पांकडे, ठासणीची बंदूक होती. भातात डुकरं शिरतात म्हणून शेत राखायला दिलेली, सरकारी परवान्याची. भात पिकायला लागलं की आप्पा शेतातल्या माळ्यावर बसायचे, आणि शेजारी अर्धी चड्डी घातलेला शैलेंद्र. स्वतः त्याने आयुष्यात एक बार काढला नव्हता, आणि पुण्याच्या अनघाशी लग्न झाल्यावर तर घरात अंडंसुद्धा वेगळ्या भांड्यात शिजायचं. पण कंपनीच्या जेवणावळीत एकदा त्याने हे माळ्याचं रंगवून सांगितलं, आणि त्या दिवसापासून तो कोहचा शिकारी झाला. आता ती फुशारकी अंगाशी आली.

कारण दोन मेळाव्यांत एक फरक होता. अमेरिकेतला मेळावा अवाढव्य, वाळवंटातल्या शहरात, बंद हॉलमध्ये. तिथे रात्रंदिवस दिव्यांचा झगझगाट; लोक दुर्बीण उचलतात, छताकडे बघतात, हात मिळवतात, पुढे जातात. जर्मनीतला त्यामानाने लहान. पण तिथल्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने कोहला फोनवर आपली रीत सांगितली होती. या म्हाताऱ्याची देशभर दुकानं. तो हॉलमध्ये कुठलीच काच बघत नाही. तिन्हीसांजेला काच घेऊन मागच्या मैदानात जातो, समोर रान असतं, आणि दुर्बीण आधी स्वतः लावत नाही. ज्याने ती पास केली त्या माणसाच्या हातात देतो आणि विचारतो, सांग, काय दिसतं? "ज्याचा डोळा, त्याला घेऊन या," असं त्याने बजावून सांगितलं होतं.

ते ऐकलं आणि शैलेंद्रने जर्मनी मनातून खोडून टाकली.

मग काय, त्याने अमेरिकेची वकिली सुरू केली. मंगळवारी सांगितलं, अमेरिकेत गिऱ्हाईक कितीतरी पटीने जास्त. बुधवारी सांगितलं, जर्मनी म्हणजे दुर्बिणींचं माहेर, तिथल्या बड्या कंपन्यांपुढे आपण काय दिवे लावणार? सगळी कारणं खरी होती, हीच त्यातली खोटी गोष्ट. कोह चॉपस्टिक खाली ठेवून ऐकायचा. मध्येच एकदा म्हणाला, आपली काच अंधाराची, आणि तू तिला दिव्याखाली न्यायला सांगतोस. शैलेंद्रने वरवर हसून वेळ मारून नेली. कोह आपल्याकडे जरा जास्तच बघतोय असं त्याला वाटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

बुधवारी घरी आला तर अनघा वाटच बघत होती. जेवणं झाली. त्यांची मुलगी वल्लरी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली की बाबांनी आज लिफ्टमध्ये शेजारच्या ऑन्टीला ओळखलंच नाही, "सो एम्बॅरॅसिंग लाह," आणि आपल्या खोलीत गेली. अनघाने पोळ्यांचा डबा बंद केला आणि विचारलं, "शैलू, तुला दिसत नाहीये का?"

झालं! हा जो उसळला. दिवसभराची धास्ती सगळी तिच्या अंगावर ओतली. तुम्हा दोघींना माझी चेष्टा करायला विषय हवा असतो, जगभरचे शिकारी माझ्या नजरेवर काच घेतात, आणि घरात मात्र चाचणी परीक्षा! अनघाने त्याच्यासमोर एक सुई आणि दोरा ठेवला, त्याच्याच शर्टचं बटण तुटलं होतं, आणि ती भांडी आवरायला आत गेली. तो बराच वेळ त्या सुईकडे बघत बसला. मग बटण तसंच राहू दिलं आणि दुसरा शर्ट काढला. त्या रात्री त्याला स्वतःचीच लाज वाटली.

गुरुवारी सकाळी तुआसच्या गाडीत त्याला आप्पांची ती गोष्ट आठवली, जी त्याने कंपनीत कधीच सांगितली नव्हती. गोष्ट छोटीच. भात कापणीला आलेलं, तिन्हीसांज झालेली. शेताच्या कडेला काहीतरी काळं हललं. आप्पांनी बंदूक खांद्याला लावली. शैलेंद्रने श्वास धरला. आप्पांचं बोट चापावर आवळलेलं त्याला दिसलं. मग आप्पांनी बंदूक खाली घेतली. ते काळं उभं राहिलं, आणि ती शेजारची काशी होती, काळी घोंगडी पांघरून गवत कापायला वाकलेली. आप्पांनी बंदूक माळ्याच्या कोपऱ्यात सरकवून ठेवली. मग म्हणाले, "दिसलां नाय रे झिला. वाटलां." दुसऱ्या दिवशी ते बंदूक घेऊन पोलीस ठाण्यात गेले आणि जमा करून आले. आणि नुसतं तेवढंच नाही. देवळाच्या बैठकीत, सगळ्या गावासमोर, काशीच्या नवऱ्यासमोर उभं राहून त्यांनी सांगितलं की माझे डोळे गेले, आजपासून माझ्या भरवशावर राहू नका. गावाने त्यांना नावं ठेवली का? शैलेंद्रला आठवेना. त्याला फक्त तेव्हाची आपली शरम आठवली, बापाने बंदूक टाकली म्हणून.

संध्याकाळी कोह स्वतः गच्चीवर आला. हे कधी व्हायचं नाही. मेळाव्याला न्यायच्या दोन निवडक दुर्बिणी त्याने आणल्या होत्या. एक शैलेंद्रच्या हातात दिली, एक आपल्या गळ्यात अडकवली. उद्या कळवायचं आहे, म्हणाला, तर तुझ्या तोंडून शेवटचं ऐकून घेतो. नूरुल स्टिकरची गुंडाळी घेऊन थोडी मागे उभी राहिली. ती आज शैलेंद्रच्या नजरेला नजर देत नव्हती. सामुद्रधुनीवर जहाजांचे दिवे लागायला लागले होते. पश्चिमेचा तांबूस रंग विझला, आणि ती मोजकी वेळ सुरू झाली.

शैलेंद्रने दुर्बीण लावली. पांढुरकं काहीतरी होतं. पहिली ओळ, तीन जाड पट्ट्या. त्या दिसल्याच. दिसल्या की आठवल्या? दुसरी ओळ, चार. ती पण आली, आपसूक, पाढ्यासारखी. जिभेच्या टोकावर सगळी फळी तयार होती. नुसतं तोंड उघडायचं होतं; मग अमेरिका, मग झगझगीत हॉल, मग कुणी काही विचारणार नव्हतं. त्याला आप्पांचं ते बोट दिसलं. खरंच सांगतो, फळीपेक्षा ते बोट त्याला स्वच्छ दिसलं.

त्याने दुर्बीण खाली घेतली.

"बॉस, मला दिसत नाहीये," तो म्हणाला. "दिसल्यासारखं वाटतंय, पण दिसत नाहीये. बरेच महिने झाले. मी पाठ असलेलं बोलत होतो."

नूरुलच्या हातातली गुंडाळी खाली पडली आणि गच्चीच्या उतारावरून घरंगळत गेली, ती आणायलाही कुणी हललं नाही. शैलेंद्रला वाटलं, आता हा म्हातारा ओरडेल तर बरं. पण कोहने गळ्यातली दुर्बीण काढली आणि शांतपणे त्याला सांगितलं, "खांबावर फळी नाहीच. सोमवारच्या वादळात उडाली. मंगळवारी सकाळी वॉचमनने ती माझ्या केबिनमध्ये आणून ठेवली."

पांढुरकं जे दिसत होतं ती खांबामागची, पलीकडच्या कंपनीची टाकी होती.

मंगळवारी कोह वाट बघत बसला होता की शैलेंद्र आता येईल, फळी कुठे गेली म्हणून विचारेल. शैलेंद्र आला नाही. हिरवे स्टिकर लावलेल्या दुर्बिणी आल्या. बुधवारी पुन्हा आल्या. कोहने मग नूरुलला विचारलं. ती रडायला लागली. तिला रिकामा खांब साध्या डोळ्यांनी दिसत होता, पण अंकल पास म्हणतात तर दुर्बिणीतून दिसत असेल बापडं, असं तिने स्वतःला समजावलं होतं. म्हणजे बघा, एकाच्या डोळ्यावर साय आली आणि दोघं आंधळी झाली.

"आज तू ओळ सांगितली असतीस," कोह म्हणाला, "तर मी दोन्हीकडे नाही म्हणून कळवणार होतो. आणि कंपनीचं हे गच्चीवरच्या तपासणीचं खातं बंद करणार होतो."

कोहने मग विचारलं, कुठे जायचं आता? सरळ विचारलं, टोमणा नव्हता. आणि शैलेंद्रने इतक्या दिवसांत पहिल्यांदा खरं उत्तर दिलं. जर्मनीला जा. आपली काच जी आहे ती तिथेच कळेल. मी सुटका शोधत होतो म्हणून अमेरिका म्हणत होतो.

कोहने मान हलवली. शुक्रवारी जर्मनीला होकार गेला, पण शैलेंद्रचं नाव त्यात नव्हतं. नूरुल जाणार होती. शैलेंद्रने डोळे करून घ्यायचे, आणि मग त्याने पास केलेली, गोदामात अजून पडून असलेली प्रत्येक दुर्बीण पुन्हा गच्चीवर न्यायची. जी बाहेर गेली होती ती कंपनी परत मागवणार होती. नोकरी राहिली. शेवटचा शब्द मात्र गेला. त्याला ते लागलं, आणि लागलं हे तो लपवू शकला नाही. खोटं कशाला सांगा.

त्या गुरुवारी रात्रीच त्याने घरी अनघाला सगळं सांगितलं, रिकाम्या खांबासकट. तिचा पहिला राग वेगळाच निघाला. "मालकाला आधी सांगितलंस," ती म्हणाली, "मी काल विचारत होते तर माझ्यावर ओरडलास." तो फक्त माफ कर म्हणाला. ती थोडा वेळ फुरंगटून बसली, आणि मग डॉक्टरची वेळ घ्यायला फोन उचलला.

एक डोळा डिसेंबरात झाला, दुसरा जानेवारीत. मधल्या काळात तो नूरुलला शिकवत होता. पहिली गोष्ट त्याने काय केली असेल, तर वल्लरीला बसवून नव्या फळ्या रंगवून घेतल्या, प्रत्येक वेगळी, आणि मला दाखवू नकोस म्हणून बजावलं. रोज वॉचमन त्यातली हाताला येईल ती लावायचा. निघायच्या आधी नूरुलने भीत भीत विचारलं, अंकल, तिथे सगळ्यांसमोर मला दिसलंच नाही तर काय सांगू? शैलेंद्रने तिला आप्पांची गोष्ट सांगितली, ती दुसरी, न मिरवलेली. तिला कितपत समजली कुणास ठाऊक.

मेळाव्याच्या शेवटच्या दिवशी तिचा मेसेज आला. शैलेंद्र सकाळच्या चहाला बसला होता. चष्मा नव्हता तरी त्याने तो स्वतःच वाचला, आणि अनघाला मराठीत सांगितला. म्हातारा नूरुलला मैदानात घेऊन गेला होता. अंधारून आलं होतं, बर्फ होतं. रानाच्या कडेला बोट दाखवून त्याने विचारलं, तिथे काय दिसतं? नूरुलने पाहिलं, पुन्हा पाहिलं. काहीतरी काळं होतं. ती म्हणाली, काळं काहीतरी आहे, पण ते जनावर आहे असं मला दिसत नाही. म्हातारा हसला. गेले चार दिवस, म्हणाला, जो येतो तो मला तिथे हरीण दाखवतो. तिथे हरीण नाही. तोडलेल्या झाडाचा बुंधा आहे, मीच ठेवायला लावलाय. आणि तो कोहला घेऊन आत बोलणी करायला बसला.

शैलेंद्रने फोन टेबलावर ठेवला. त्याचा चहा निवत चालला होता. अनघाने त्याच्याकडे बघितलं.

"तू गेला असतास," तिने विचारलं, "तर काय म्हणाला असतास?"

"हरीण," तो म्हणाला. "शिंगांसकट सांगितलं असतं."